स्लायडिंगच घ्या ताई

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, गावाला घर बांधतोय, खिडक्या कुठल्या लावू, यूपीव्हीसी म्हणजे ते कडक प्लास्टिक की अॅल्युमिनियम, पटकन एका ओळीत सांग ना. एका ओळीत सांगता आलं असतं तर मी दोन पावसाळे पंचे पिळत बसले नसते गं बाई. तिला म्हटलं थांब, नीट बसून लिहिते.

तर आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्र सरळ रेषेत दीड-दोन किलोमीटर. जुनं घर कौलारू होतं, चिऱ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या तांबड्या जांभ्या दगडाचं जोतं आणि मातीच्या भिंती, ते ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात गेलं. वादळ श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं पण मंडणगड-दापोलीलाही त्याने सोडलं नाही, पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. बाबा सांगतात की आधी पश्चिमेच्या खोलीतल्या खिडकीची कडी तुटली, झडपा धाडकन आत उघडल्या, वारा घरात शिरला आणि मग दोन मिनिटांत कौलं आतून कोणी ढकलल्यासारखी उडायला लागली. मी तेव्हा पुण्यात, फोन लागत नव्हते, तीन दिवसांनी आवाज ऐकला त्यांचा. ती गोष्ट मी बरीच वर्षं नुसती भीतीची गोष्ट म्हणून ऐकली. तिच्यात खिडकीबद्दल एक सरळ माहिती आहे हे डोक्यात शिरलंच नव्हतं. वारा आत आला की बाहेर पडायला वाट शोधतो, नाही मिळाली तर छप्पर उचलतो.

नवीन घर २०२३ च्या मे महिन्यात उभं राहिलं. चिऱ्याच्या भिंती, बाहेरून गिलावा न करता तसाच ठेवलेला चिरा कारण तो दिसतो छान, वर स्लॅब. खिडक्यांचं डिपार्टमेंट माझ्याकडे होतं. आणि मी काय केलं तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये जे आहे तेच उचलून इथे लावलं. सगळीकडे स्लायडिंग, तीन ट्रॅक, दोन काचेचे आणि एक मच्छरजाळीचा, पांढरं पावडर कोटिंग. फॅब्रिकेटर म्हणाला "स्लायडिंगच घ्या ताई, झंझट नाय, जागा खात नाय, पोरांच्या डोक्याला लागत नाय." आर्किटेक्टला विचारलं तर तो म्हणाला चालेल. गवंडी म्हणाला सगळे हेच लावतात. बाबा एकटे म्हणाले, "काय गो, झड नाही का येणार यातून?" मी म्हटलं बाबा, आता सगळीकडे हेच असतं, रबर असतं त्याला.

रबर नसतं त्याला. म्हणजे काच बसवायला असतं, पण जिथे पल्ला सरकतो तिथे फर असते, ब्रशसारखी केसाळ पट्टी. कारण रबर घट्ट दाबून बसवलं तर पल्ला सरकणारच नाही ना. एवढी साधी गोष्ट मला जुलैच्या रात्री पावणेतीन वाजता कळली. पश्चिमेच्या बेडरूममध्ये ट्रॅक काठोकाठ भरलेला, वाऱ्याचा झोत आला की त्यातलं पाणी चुळूक चुळूक करत आतल्या कठड्यावरून उडी मारायचं, झोत गेला की खाली बसायचं, परत झोत आला की परत उडी. कोणीतरी पलीकडून गुळण्या करतंय असा आवाज. बाबा कमरेला टॉवेल लावून खाली बसलेले आणि पंचा ट्रॅकमध्ये कोंबतायत, काढतायत, बादलीत पिळतायत. एक शब्द बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं झालं असतं.

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी कागदावर हिशेब मांडला, त्याला असल्या वेळी हिशेब सुचतात. ताशी ७०-७५ किलोमीटरचा झोत काचेवर समोरून आदळला तर तो पाणी साधारण एक इंच वर ढकलून धरू शकतो. आमच्या ट्रॅकचा आतला कठडा मोजला तर इंचालाही थोडा कमीच भरला. म्हणजे तेवढ्या झोताला पाणी आत येणारच, त्यात कोणाची चूक नाही, वादळ लागत नाही त्याला, आमच्याकडे जुलैत चांगला जोर धरला की तसे झोत येतातच.

पण चूकही होती. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला खाली पाणी जायला भोकं असतात, असायला हवीत. मी टॉर्च आणि सेफ्टी पिन घेऊन बाहेरून खिडकीखाली उकिडवी बसले आणि शोधायला लागले. एका खिडकीला भोकं पाडलेलीच नव्हती. दुसरीला होती पण त्यात व्हाइट सिमेंट गेलेलं, फिनिशिंग करताना कोणीतरी छान लिंपून टाकलेलं. पिनेने टोकरून काही होईना, शेवटी ड्रिल मारला तर आतलं साठलेलं पाणी असं भसकन माझ्या बाहीत आलं. त्यात माशी होती, दोन तांदळाचे दाणे होते, आणि कसलीतरी अंडी होती, जाऊ दे. तुम्ही स्लायडिंग लावलंच असेल तर आत्ता उठून ही भोकं बघून या, बाकी ब्लॉग नंतर वाचा.

भोकं मोकळी झाल्यावर पाणी अर्ध्यावर आलं. उरलेलं अर्धं कुठून येतं ते शोधायला अजून एक पावसाळा गेला. ते येत होतं चौकट आणि चिरा यांच्या मधून. चिरा खडबडीत, भोकाभोकांचा, आणि वरून गिलावा नाही, त्यामुळे भिंतीवरून वाहणारं पाणी सरळ फटीत शिरतं. तिथे फॅब्रिकेटरने सिलिकॉन मारलेलं होतं पण चिऱ्याच्या लाल धुळीवर सिलिकॉन काय धरणार, बोटाने ओढलं तर अख्खी पट्टी शेवेसारखी निघून आली. मग खिडकीच्या चारी बाजूंनी गवंड्याकडून चार-चार इंच सिमेंटची पट्टी गुळगुळीत करून घेतली, त्यात ग्रॅनाइटची चौकट बसवली, आणि खालचा ग्रॅनाइट बाहेरच्या बाजूला उताराने आणि भिंतीच्या पुढे दोन इंच काढला. त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घ्यायची, म्हणजे पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे भिंतीत न येता तिथल्या तिथे तुटून पडतं. ही खाच मारायला गवंडी कंटाळतात, "काय गरज नाय" म्हणतात, तिथेच उभं राहायचं.

आता जुन्या घराबद्दल थोडं, कारण मला सगळं कळलं ते तिथूनच. त्या घरात झड येत नव्हती का? येत होती, पण आतपर्यंत नाही. कारण खिडकी भिंतीत एकटी नव्हती. वर कौलांचा पाखा भिंतीच्या पुढे तीन-साडेतीन फूट आलेला, पागोळ्या पार लांब पडायच्या. आणि आगोटीला म्हणजे मे संपता संपता आम्ही झावळ्यांची झापं विणून पडवीला बांधायचो, वाऱ्याच्या बाजूला. झड आधी झापांवर, मग पडवीत, मग भिंत, मग खिडकी. तोपर्यंत तिच्यात जोर काय उरणार. नव्या घराला आम्ही दीड फुटाचा छज्जा दिला, पडवी फक्त पुढे दिली, आणि खिडकीला सांगितलं आता तूच सगळं अडव.

आणि त्या खिडक्या होत्या चार झडपांच्या. खाली दोन, वर दोन. दुपारी आई खालच्या लावून घ्यायची आणि वरच्या उघड्या, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं माणूस दिसत नाही आणि वारा येत राहतो. पाऊस तिरका असेल तर वरच्या बंद खालच्या किलकिल्या. लाकडी गज, उभे. खिडकी जमिनीपासून जेमतेम फूटभर उंचीवर, कारण माणसं खालीच बसायची, जेवायला, निवडायला, पत्ते खेळायला, झोपायला. वारा अंगाला लागायचा. आता सोफ्याच्या आणि बेडच्या हिशेबाने आपण तीन फुटांवर खिडकी घेतो आणि मग गादी जमिनीवर टाकून झोपलं की म्हणतो वारा का येत नाही. वरती भिंतीला झरोकेही होते, तिथून गरम हवा निघून जायची. खिडकी ही एक वस्तू नाही, चार-पाच कामं आहेत, उजेड, वारा, आडोसा, चोर, पाऊस, आणि जुन्या सुताराने प्रत्येक कामाला वेगळी झडप दिली होती. आपण सगळ्यांना मिळून एक काच देतो.

(गोव्यात तर जुन्या घरांत काचेच्या जागी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटींत बसवलेल्या असत, अजूनही काही घरांत दिसतात. आतला उजेड दुधासारखा. मला तसली एक तरी हवी होती पण तो हट्ट घरात कोणीच मनावर घेतला नाही.)

मग दुसऱ्या पावसाळ्यानंतर काय केलं ते सांगते. भिंत कुठल्या दिशेची, तशी खिडकी. पूर्वेला आणि उत्तरेला स्लायडिंग तशीच ठेवली, तिथे पाऊस मारत नाही, मस्त चालतात, वर्षातून एकदा बेअरिंगला सायकलचं तेल नको, सिलिकॉनचा स्प्रे. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या सगळ्या काढल्या आणि बिजागरीवर बाहेर उघडणाऱ्या लावल्या, ज्याला आता केसमेंट म्हणतात आणि आजीच्या भाषेत नुसती खिडकी. हिला चारी बाजूंनी खरं रबर असतं, हँडल फिरवलं की पल्ला रबरावर दाबला जातो, आणि गंमत म्हणजे ती बाहेर उघडणारी असल्यामुळे वारा बाहेरून आदळला की तो तिला अजूनच घट्ट बंद करतो. जुनी खिडकी आत उघडणारी होती, म्हणून तर त्या दिवशी कडी तुटल्यावर सगळं झालं. दुसरा फायदा, अख्खी उघडते. स्लायडिंग दोन पल्ल्यांची कायम अर्धीच उघडी राहते, हे दुकानात कोणी बोलत नाही. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दमट उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश खिडक्या असाव्यात असं दिलंय, कोरड्या उष्ण भागासाठी एक दशांश. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीला कोकणात २० स्क्वेअर फूट, पाच बाय चारची खिडकी. आता ती स्लायडिंग केली तर वाऱ्याला मिळाले दहाच फूट. आणि आपण पुण्याच्या हिशेबाने चार बाय तीन घेतलेली असते, मग मिळाले सहा. मग पंखा पाचवर आणि लाइट गेली की अंगणात.

केसमेंटचा त्रास काय, तोही सांगते, नाहीतर मला शिव्या द्याल. ग्रील आत घ्यावी लागते. ग्रील आत म्हणजे हँडलपर्यंत हात जायला ग्रीलमध्ये छोटी दारं किंवा मोठे गाळे ठेवावे लागतात, आणि मच्छरजाळी कुठे लावायची हा प्रश्न. आम्ही ग्रीलच्या आत गुंडाळी होणारी जाळी लावली, ती मांजराने पहिल्या महिन्यात फाडली, आता चुंबकाची आहे. पल्ला फार रुंद घ्यायचा नाही, दोन-सव्वादोन फुटांच्या पुढे गेला की बिजागरीवर भार येतो आणि काही वर्षांत खाली लोंबतो. ५ मिलिमीटरची काच स्क्वेअर मीटरला साडेबारा किलो भरते, वरून फ्रेम वेगळी, हे सगळं एका कडेवर लटकतंय. म्हणून मोठी खिडकी असेल तर दोन बाजूला दोन अरुंद पल्ले आणि मध्ये फिक्स काच. आणि उघडी ठेवून बाजारात गेलात आणि वारा सुटला तर ती थडाथडा आपटते, म्हणून साधी बिजागरी नाही, फ्रिक्शनची घ्या, जिथे सोडाल तिथे थांबते.

बेडरूममध्ये पश्चिमेला वर एक छोटी खिडकी वरून बिजागरी असलेली केली, खालून बाहेर ढकलायची, स्वतःच छज्जा होते. धो धो पाऊस असला तरी ती चार बोटं उघडी ठेवता येते. वारा कमी येतो पण येतो. घरातली माझी सगळ्यात लाडकी खिडकी तीच. बाथरूमलाही तीच, आधी काचेच्या पट्ट्यांचं लुव्हर होतं, त्याच्या पट्ट्या बाहेरून कोणीही अलगद काढू शकतं आणि पाली तर वाट विचारून आत यायच्या.

किचनला मात्र स्लायडिंगच. ओट्यावर वाकून बाहेर उघडणारी खिडकी ओढायला आईचा हात पुरत नाही, आणि आत उघडणारी केली तर नळावर आपटते. तिथे स्लायडिंगला पर्याय नाही, फक्त खिडकीखाली सिंक घ्या, गॅस नको, वाऱ्याने ज्योत विझते.

आता मटेरियल, ज्यावर सगळे भांडतात आणि जे माझ्या मते दुसऱ्या नंबरचं आहे. अॅल्युमिनियम गंजत नाही म्हणतात, लोखंडासारखा गंजत नाही हे खरं, पण खाऱ्या हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते, बारीक खड्डे पडतात, विशेषतः जिथे कोटिंग उडालंय तिथे. आणि खरा घात करतात स्क्रू. आमच्या फॅब्रिकेटरने साधे लोखंडी स्क्रू मारले होते, दीड वर्षात प्रत्येक स्क्रूखाली तांबडी ओघळ. समुद्राजवळ स्क्रू, बिजागरी सगळं स्टेनलेस, त्यातही ३१६ नंबरचं मिळालं तर तेच, ३०४ वर सुद्धा खाऱ्या हवेत चहासारखे डाग येतात. यूपीव्हीसी खाऱ्या हवेला दाद देत नाही, कोपरे वितळवून जोडलेले असतात त्यामुळे कोपऱ्यातून गळत नाही, पण आत लोखंडी पट्टी घातलीय का हे कापलेला तुकडा मागून बघा, मोठ्या खिडकीत ती नसेल तर फ्रेम वाऱ्याला वाकते. आम्ही पश्चिमेला यूपीव्हीसी घेतलं. लाकूड सगळ्यात सुंदर, सागवान परवडत असेल तर काय बोलायचं, नाहीतर आमच्याकडे चौकटीला ऐन, किंजळ वापरतात, पण पावसात फुगतं, ऑगस्टमध्ये खिडकी हलत नाही, दिवाळीत परत ढिली. दरवर्षी तेलपाणी करायला माणूस घरात राहणारा हवा. शनिवार-रविवारच्या घराला लाकूड नको.

काचेबद्दल दोनच गोष्टी. टफन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, माप चुकलं की ती भंगार. आमची एक काच अर्धा इंच मोठी आली ती आता बाबांनी परसात रोपांच्या कुंड्यांवर आडवी टाकलीय. म्हणून माप तीन ठिकाणी घ्या, वर, मध्ये, खाली, चिऱ्याची भिंत कधीच सरळ नसते, सगळ्यात कमी भरेल ते धरा. दुसरं, ती आरशासारखी रिफ्लेक्टिव्ह काच. काकूने लावली, दिवसा बाहेरून काही दिसत नाही म्हणून खूश, पडदेच शिवले नाहीत. ही काच अंधाराच्या बाजूने उजेडाकडे बघणाऱ्याला दाखवते, दिवसा अंधार आत असतो, रात्री बाहेर. हे काकूला गणपतीत समोरच्या वाडीतल्या मुलीने सांगितलं, "काकू काल तुम्ही मोदक छान वळत होतात." तिसऱ्या दिवशी पडदे लागले.

पश्चिमेच्या उन्हाचं पण लिहायचं होतं. छज्जा दक्षिणेला काम करतो, मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हाही करतो, पण चारनंतर पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला कितीही छज्जा द्या, ते खालून शिरतं. तिथे झाड लावा नाहीतर बाहेरून चटई सोडा. आम्ही बाहेरून बांबूची चटई सोडलीय, आगोटीला काढून तिथे झापं लावतो. हो, परत झापं. विणणारी बाई वाडीत एकच उरलीय.

गेल्या जुलैत मी आठवडाभर तिथे होते, जोर धरलेला, पश्चिमेच्या खोल्या कोरड्या ठाक. बाबा सवयीने रात्री उठून ग्रॅनाइटवरून हात फिरवून गेले, मला वाटलं आता काहीतरी बोलतील, तर म्हणाले, "तुझ्या त्या चुंबकाच्या जाळीतून डास येतात."

आणि जुन्या घराची एक चार झडपांची खिडकी वादळातून वाचलीय, किंजळीची, इतकी वर्षं गोठ्यात भिंतीला टेकून होती. एक खिट्टी हरवलीय आणि एका गजाला वाळवीने जरा खाल्लंय, बाकी ठणठणीत. ती पडवीच्या आतल्या भिंतीला लावायची असं ठरतंय, तिथे झड पोचत नाही. सुतारमामा येऊन मोजून गेले. चौकट भिंतीतल्या जागेपेक्षा दोन इंच मोठी आहे. मी म्हटलं चौकट थोडी रंधून घेऊ, तर ते माझ्याकडे बघून म्हणाले, चौकटीला हात लावायचा नाही, चिरा तासू.